रेशनकार्डावर धान्य मिळणार का, आणि किती? कोकणातल्या घरांसाठी

केशरी कार्ड हातात आहे म्हणजे दुकानावर धान्य मिळणारच, असं आमच्याकडे निम्मी वाडी धरून चालते. मग दुकानदार मशीनवर नंबर टाकतो आणि सांगतो, "वहिनी, कार्ड केशरी हाय, पण नाव धान्यात नाय." तिथून वादाला सुरुवात. दुकानदारच खातो, सरपंचाने आपली माणसं घातली, असं काय काय बोललं जातं. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा आपण नक्की कुठल्या गटात आहोत हेच घरात कुणाला ठाऊक नसतं.

घरच्या कार्डाचं काम करून घेतल्यापासून वाडीतले लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडची आहेत, नियम मात्र राज्यभर तेच.

१. रंग बाजूला ठेवा, गट बघा

पिवळं, केशरी आणि शुभ्र हे तीन रंग राज्यात १ मे १९९९ पासून आहेत. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर १ लाखापर्यंत केशरी, आणि १ लाख किंवा जास्त असेल तर शुभ्र.

त्यानंतर राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ आला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्यात रंगाला काही किंमत नाही. त्यात दोनच गट आहेत: अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. म्हणून शेजारच्या दोन घरांत अगदी एकसारखी केशरी कार्डं असतात. एक घर प्राधान्य गटात असतं म्हणून त्याला धान्य येतं, दुसऱ्याला दाणा नाही. हे दुसरं घर म्हणजे ऑफिसच्या भाषेत 'एनपीएच'.

आपला गट कळायला तीन वाटा आहेत. कार्डावरचा शिक्का बघा. दुकानदाराला मशीनवर नंबर टाकून दाखवायला सांगा. नाहीतर 'मेरा राशन' ॲपवर बघा. शिक्का जुना असू शकतो, ऑनलाइन नोंद मात्र चालू असते. दोन्हींत फरक दिसला तर ऑनलाइन जे आहे तेच मशीन मानतं. यासाठी कार्डाचा बारा अंकी नंबर लागतो. जुन्या हस्तलिखित कार्डावर तो छापलेला नसतो, दुकानदाराकडून घेऊन पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर तोच विचारतात.

२. किती मिळतं त्याचा हिशेब

अंत्योदय: कार्डामागे महिन्याला ३५ किलो. घरात माणूस एक असो की आठ.

प्राधान्य कुटुंब: माणशी महिन्याला ५ किलो. कार्डावर चार नावं तर २० किलो, सहा नावं तर ३० किलो.

पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो होतं. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं ते तसंच ठेवायचं केंद्राने ठरवलं आहे. तेव्हा या धान्याचे पैसे कुणी मागितले, 'हमाली' म्हणून किंवा 'गाडीभाडं' म्हणून, तर ते द्यायचे नाहीत. अंत्योदयला महिन्याला १ किलो साखर असते, तिचे मात्र २० रुपये द्यावे लागतात.

या आकड्यांत एक गंमत आहे, ती कुणी सांगत नाही. सात माणसांच्या घराला दोन्ही गटांत ३५ किलोच मिळतात. माणसं सातांहून कमी असतील तर अंत्योदय फायद्याचं. एकट्या राहणाऱ्या विधवा काकीला तर ५ किलो आणि ३५ किलो एवढा फरक पडतो. पण एकत्र कुटुंबात नऊ जण असतील तर प्राधान्यमध्ये ४५ किलो आणि अंत्योदयमध्ये ३५. 'आम्हाला अंत्योदय करून द्या' म्हणून अर्ज करण्यापूर्वी घरातली डोकी मोजा.

तांदूळ किती आणि गहू किती, हे प्रमाण वरून ठरून येतं आणि बदलत राहतं. आपल्याकडे भात खाणारी माणसं, गव्हाचं करायचं काय हा प्रश्न रास्तच आहे. पण दुकानदाराला अदलाबदल करून देण्याची मुभा नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

तांदळाबद्दल आणखी एक. सुपात घेऊन निवडताना काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, एकसारखे, पाण्यात टाकले तर कधी वर येतात. हे 'प्लास्टिकचे तांदूळ' नव्हेत. गेली काही वर्षं रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळत आले आहेत. ते वेचून कोंबड्यांना घालण्यात अर्थ नाही.

सणाला १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल देणारा 'आनंदाचा शिधा' २०२२ च्या दिवाळीत सुरू झाला होता. तो त्या त्या वेळच्या सरकारी निर्णयावर असतो, कायद्याने मिळणारा हक्क नव्हे. गणपतीला आला तर आला, त्यावर बजेट ठेवू नका. आणि 'केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याला धान्याऐवजी खात्यात माणशी रोख पैसे' असा मेसेज फिरत असतो. ती योजना खरी आहे, पण मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांपुरती. कोकणातला एकही जिल्हा त्यात नाही.

३. उत्पन्नाची मर्यादा

प्राधान्य गटासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४,००० रुपयांपर्यंत आणि शहरी भागात ५९,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. हे एका माणसाचं नाही, कार्डावरच्या सगळ्यांचं मिळून.

४४,००० म्हणजे महिन्याला ३,६०० च्या थोडं वर. ३०० रुपये रोजाने कुणी वर्षात १५० दिवस गेला तरी ४५,००० होतात. ही मर्यादा २०१३ च्या शासन निर्णयातली आहे, आणि माझ्या मते आज ती कुठल्याही हिशेबाला धरून नाही. तरीही टेबलावर तोच आकडा चालतो. कमी लिहा असं मी कुणाला सांगणार नाही, कारण खाली सही तुमची असते आणि तपासणीत उघड झालं तर वसुलीही तुमच्याकडूनच होते. पण लोक नको तेही मिळवून सांगतात, ते टाळा. उत्पन्न म्हणजे हातात राहणारा पैसा. कलमांचा हिशेब सांगताना फवारणी, राखण, पेट्या, गाडीभाडं वजा करून सांगा. होडीवरच्या खलाशाने वाटणीला आलेलं सांगायचं, होडीचा गल्ला नव्हे.

कोकणात हमखास अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, मुंबईचा मुलगा. नाव गावच्या कार्डावर आणि पगार मुंबईत. नाव आहे तोवर त्याचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जाणार. तो खरंच वेगळा राहत असेल, वेगळी चूल असेल, तर त्याचं नाव रीतसर कमी करून घ्या. पाच किलो जातील, पण म्हातारा-म्हातारीचं धान्य वाचेल.

दुसरं, सामाईक सातबारा. पणजोबांच्या नावची जमीन, त्यावर तीस-चाळीस नावं, आणि आकडा हेक्टरांत. बघणाऱ्याला वाटतं केवढे जमीनदार. पिवळ्या कार्डाला कुटुंबाची जमीन जिरायत असेल तर दोन हेक्टरांपर्यंतच चालते. केशरीसाठी चार हेक्टर किंवा त्याहून जास्त बागायत नको. म्हणून सातबारा जोडताना आपला हिस्सा किती आणि त्यात प्रत्यक्ष कसतो किती, हे स्वयंघोषणापत्रात वेगळ्या ओळीत लिहा. कातळ आणि वरकस (हलकी, डोंगरउताराची जमीन) असेल तर तसं लिहा.

घरात चारचाकी असेल तर केशरी कार्ड मिळत नाही. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला मात्र यातून सूट आहे.

अंत्योदयसाठी उत्पन्नापेक्षा परिस्थिती बघतात: भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, कुंभार-लोहार-सुतारासारखे कारागीर, विधवा, अपंग, दुर्धर आजारी माणसं, आधार नसलेले साठीच्या पुढचे. आदिम जमातींची कुटुंबं यात सरसकट येतात, आणि रायगडच्या वाड्यांवरचे कातकरी त्या यादीत आहेत. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर महिनोन्महिने बाहेर राहिल्यामुळे त्यांची कार्डंच निघालेली नसतात. गावात असं घर माहीत असेल तर त्यांना तहसीलला घेऊन जा, पात्रतेसाठी वाद घालावा लागत नाही.

४. 'इष्टांक' हा शब्द लक्षात ठेवा

सगळे कागद बरोबर, उत्पन्न मर्यादेत, तरी धान्य सुरू होत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "इष्टांक संपलाय." म्हणजे त्या तालुक्याला किती माणसांचं धान्य द्यायचं त्याचा ठरलेला आकडा भरला. केंद्राने हा कोटा २०११ च्या जनगणनेवर ठरवला: महाराष्ट्रात ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरी भागातले ४५.३४ टक्के लोक. त्यानंतर जन्मलेली, वेगळी झालेली, मुंबईहून परत आलेली सगळी माणसं त्याच आकड्यात बसवायची आहेत.

जागा होते ती कुणाचं नाव कमी झालं तरच: मयत, लग्न होऊन गेलेल्या मुली, दोन्हीकडे नावं असलेले, उत्पन्न वाढलेले. म्हणून 'नंतर बघू' या तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि अधूनमधून इष्टांकात जागा झाली का ते विचारत राहा. पोच नसेल तर तुमचा नंबर आधीचा होता हे दाखवायला हातात काहीच नसतं. ग्रामसभेत मयतांची नावं कमी करण्याचा विषय काढला तर काही जण तोंड फिरवतील, पण दुसऱ्याचं धान्य तिथेच अडकलेलं असतं.

५. कागद

नवीन कार्डासाठी किंवा धान्याच्या गटात येण्यासाठी साधारण हे लागतं:

- सर्व सदस्यांची आधारकार्डं. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधी जुळवून बघा.
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला.
- राहण्याचा पुरावा: घरपट्टीची पावती, वीजबिल, भाड्याने असाल तर करारनामा.
- आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला.
- कुटुंबप्रमुख महिलेचा फोटो आणि बँक पासबुकाची प्रत.
- स्वयंघोषणापत्र.
- मुलाचं नाव घालायचं तर जन्मदाखला, सुनेचं घालायचं तर विवाह नोंदणीचा दाखला.

यातला चौथा कागद सर्वांत जास्त रखडवतो. सून माहेरच्या कार्डावर, माहेर दुसऱ्या तालुक्यात, तिथून नाव निघाल्याशिवाय इथे चढत नाही. लग्न ठरलं की आंदण-मानपानाच्या यादीतच हे काम लिहा. आधारवरचं आडनाव बदलायचं असेल तर तेही आधीच उरकून घ्या.

कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या थोरल्या बाईचं नाव लागतं, कायद्यातच तसं आहे. 'कर्ता पुरुष मुंबईत' ही अडचण त्यामुळे आपोआप मिटते.

६. अर्ज कुठे, कुठला

तालुक्याला तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा. मुंबईत शिधावाटप कार्यालय. नवीन कार्डाला नमुना १, नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९. ऑनलाइन अर्ज अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावरून करता येतो. जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्र आहे. मंजूर झालं की क्यूआर कोड असलेली ई-शिधापत्रिका स्वतः डाउनलोड करता येते.

एजंट लोक तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीवरच भेटतात. 'धान्य चालू करून देतो' म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा: इष्टांकात जागा आहे का? नसेल तर तोही काही करू शकत नाही, आणि असेल तर त्याची गरज नाही.

तहसीलला जाताना शिमगा आणि गणपतीचे आठवडे टाळा. मुंबईहून आलेला प्रत्येक जण सुट्टीत हेच काम काढतो.

७. ई-केवायसी आणि न उमटणारे अंगठे

कार्डावरच्या प्रत्येकाने आधारशी पडताळणी करून घ्यायची आहे, फक्त धान्य आणायला जाणाऱ्याने नाही. ती राहिली तर त्या माणसाचे पाच किलो थांबतात. कुठल्याही रेशन दुकानावर मशीनवर बोट लावून ती होते. मुंबईत असलेल्याने मुंबईतल्या दुकानावर करावी, त्यासाठी गावाला यायची गरज नाही.

आपल्याकडची खरी अडचण बोटांची आहे. काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या बायांची बोटं टरफलाच्या तेलाने सोलवटलेली असतात. चिरेखाणीवरच्या माणसाच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. आमच्या शेजारची काकी मशीनवर अंगठा ठेवते, मशीन लाल होतं, ती पदराला पुसून परत ठेवते, परत लाल. अशा वेळी दहाही बोटं करून बघा, करंगळी बऱ्याचदा चालते. आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळा आणि सकाळी साबणाने धुऊन कोरडे करून जा. तेलकट बोट उमटत नाही. तरीही नाही झालं तर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून पडताळणी होते. त्यासाठी आधारचं फेस आरडी ॲपही फोनमध्ये लागतं. उजेडात बसवा, चष्मा काढा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम सोपं जातं, म्हणून तेही एकदा करून घ्या.

८. मुंबई आणि गाव

एका माणसाचं नाव दोन कार्डांवर चालत नाही, आधारमुळे ते लपतही नाही. पण एकाच कार्डावरचं धान्य दोन ठिकाणी घेता येतं, हे फार कमी लोक वापरतात. कार्ड राजापूरचं आणि मुलगा भांडुपला असेल तर तो तिथल्या दुकानावर बारा अंकी नंबर आणि बोट देऊन आपल्या वाटचं उचलू शकतो, उरलेलं घरचे गावाला घेतात. फक्त आधी घरात बोलून ठरवा. त्याने तिथे पूर्ण कोटा उचलला तर गावच्या मशीनवर त्या महिन्याचा शिल्लक शून्य दिसतो, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

घर बंद करून वर्षभर मुंबईला राहणाऱ्यांसाठी: रेशन वाटपाच्या केंद्रीय आदेशातल्या २०२५ च्या दुरुस्तीनुसार सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करून घरी तपासणी करायची आहे. बंद दाराला कुलूप बघून तपासणीत काय लिहिलं जाईल ते सांगायला नको.

९. दुकानावर

मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्या. तिच्यावर कुठलं धान्य किती किलो ते छापलेलं असतं. वजन काट्यावर आकडा दिसेल असं उभं राहा आणि पिशवी घरी नेण्यापूर्वी पावतीशी ताडून बघा. सही किंवा अंगठा आधी घेऊन 'धान्य उद्या ने' म्हणत असतील तर पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण यंत्राच्या लेखी तुम्हाला धान्य मिळून गेलेलं असतं.

पावसाळ्यात नेट जातं, लाइट जाते, साकव पाण्याखाली जातो. महिनाअखेरीवर ठेवू नका. २०२५ मध्ये जून ते ऑगस्टचं धान्य आगाऊ वाटलं होतं. तसं झालं तर तीन महिन्यांच्या तीन वेगळ्या पावत्या बघा. आणि पुराच्या पट्ट्यात, चिपळूण-महाडकडे राहत असाल तर कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि एक मुंबईच्या नातेवाइकाकडे असू द्या. २०२१ च्या जुलैत कितीतरी घरांतली कार्डं चिखलात गेली.

१०. तक्रार

पहिला फोन १९६७ ला. तक्रार नोंदवली की क्रमांक मागून घ्या. लेखी द्यायची तर आधी तहसीलचा पुरवठा निरीक्षक, त्याच्यावर तहसीलदार, मग जिल्हा पुरवठा अधिकारी. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, आणि त्यावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. हक्काचं धान्य दिलंच गेलं नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे.

अर्जात 'दुकानदार त्रास देतो' एवढंच लिहू नका. कार्डाचा नंबर, दुकानाचा क्रमांक, महिना, पावतीवरचं वजन आणि हातात आलेलं वजन लिहा. पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ पावती स्वतःकडे ठेवा.